शकूची पाठ आणि माझा संशय

ज्या ऑपरेशनला वीतभर टाके पडत नाहीत ते ऑपरेशनच नव्हे, असं माझं ठाम मत होतं.

माझ्या बायकोच्या, शकूच्या, कमरेतली चकती सरकली होती. पायात अशी कळ जायची की कुवेंपुनगरातल्या आमच्या घरापासून कोपऱ्यावरच्या बसस्टॉपपर्यंत चालणंही जमेना. पोळ्या लाटताना ओट्याला धरून रडायची बिचारी.

डॉक्टर म्हणाले, "छोटंसं छिद्र पाडू. त्यातून दुर्बीण घालून नसेवर दाबणारा तुकडा काढू. संध्याकाळी घरी!"

"पाठ उघडणार नाही?"

"नाही."

"मग तुम्हाला दिसणार कसं?"

"पडद्यावर."

(म्हणजे बायकोला आत नेऊन हे टीव्ही बघणार!)

"आणि पूर्ण भूल नाही. त्या आमच्याशी बोलत राहतील."

शकू बोलत असताना समोरच्याला काही काम करता येतं, हे मी तरी आजवर पाहिलेलं नाही. संशय पक्का झाला!

शकूला आत नेलं. थिएटरच्या दाराच्या काचेवर कागद चिकटवलेला, खाली जेमतेम बोटभर फट. (कागद कशाला? लपवण्यासारखं काय आहे?) मी वाकलो. काही दिसेना. एक हात कमरेवर ठेवून आणखी वाकलो.

"अय्यो, एवढं दुखतंय का सार?" मागे कानडी नर्स! "बन्नी, बन्नी, या इकडे. पुढचे पेशंट तुम्हीच ना?"

"अहो सिस्टर, माझी पाठ ठणठणीत आहे!"

"भीतीनं सगळे असंच सांगतात, सार."

तिनं दुसऱ्या एका दणकट सिस्टरला हाक मारली आणि दोघींनी मला उचलून स्ट्रेचरवर पालथा घातला! सुटायला मी जोरात हिसका दिला, आणि कमरेत अशी चमक भरली की काय सांगू!

"आई गं!"

"नोडी, बघा! म्हटलं नव्हतं?"

तेवढ्यात दार उघडलं. दुसऱ्या स्ट्रेचरवरून शकू बाहेर आली, टक्क जागी.

"अहो, तुम्ही इथे काय करताय?"

"तुझी काळजी! कशी आहेस?"

"पायातली कळ गेली हो!" तिचे डोळे भरून आले. माझेही आले. (थोडे आनंदानं, बाकीचे कमरेमुळे.)

संध्याकाळी शकू सावकाश, पण स्वतःच्या पायांनी गाडीपर्यंत चालली. मला चाकाच्या खुर्चीतून आणलं.

घरी शेजारच्या कमलम्मा पेशंटला बघायला शहाळं घेऊन आल्या. दारात शकू उभी, पलंगावर मी, कमरेखाली शेकायची पिशवी. त्यांनी शहाळं सरळ माझ्या हातात दिलं.

"पाप!" त्या कळवळून म्हणाल्या.

कन्नडमध्ये त्याचा अर्थ 'बिचारा'. मराठीतला अर्थ शकूच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता. मी मुकाट्यानं स्ट्रॉ तोंडात धरली!