अण्णांचं गायन मंडळ आणि माझी मागची रांग

आज सकाळी दगडूअण्णा गेले. गेली पंचवीस वर्षं मी त्यांच्याशी बोलत नव्हते.

सकाळपासून लोक स्टेटसला फोटो टाकतायत. 'गोड स्वभावाचे मार्गदर्शक' वगैरे.

गोड? अण्णा?

ज्यांनी त्यांच्या हाताखाली एक तरी गाणं म्हटलंय, त्यांनी हे लिहिलेलं नाही एवढं नक्की.

भवानीनगरला साखर कारखान्याच्या कॉलनीत नव्वदच्या दशकात आमचं गायन मंडळ होतं. भीमगीतं म्हणायचो. मंडळ अण्णांनीच काढलं. बॉयलरवर ड्युटी, आणि ड्युटी सुटली की थेट विहारात पेटीवर.

बावीस माणसं. फिटर, कारकून, त्यांच्या बायका आणि माझ्यासारख्या दोन-तीन कॉलेजच्या पोरी.

हंगाम सुरू झाला की माणसांच्या पाळ्या, म्हणून प्रॅक्टिसच्याही पाळ्या. एकच गाणं सकाळी एका चालीत, संध्याकाळी दुसऱ्या. आणि कार्यक्रमाच्या दिवशी कोण सुटणार, कोण कामावर असणार, हे कुणालाच ठाऊक नाही.

यावर अण्णांचा तोडगा एकच. "समद्यांना समदं आलं पायजे."

एकदा वडगाव निंबाळकरला आम्ही सातच जण पोचलो. त्यात पाच बायका, उरलेले दोघं पेटी-ढोलकीवर. पुरुषांची ओळ मी आणि काकीनं, म्हणजे अण्णांच्या बायकोनं, जाडा आवाज काढून म्हटली. लोक हसून बेजार.

अण्णांनी भर कार्यक्रमात पेटी थांबवली. "थांबा. दुसरं कडवं चुकलं. परत."

हे नेहमीचं. समोर पाच माणसं असोत नाहीतर पाचशे. वैताग यायचा अक्षरशः.

मंडळात पुढं उभं राहून म्हणायचाही नंबर लागायचा. आवाज कुणाचा चांगला, याचा काही संबंध नाही. माझा चांगला होता, हे आता पन्नाशीकडं झुकताना सांगायला लाजत नाही. तरी मी दोन वर्षं थांबले. आणि नंबर आला तो नेमका बारामतीच्या स्पर्धेला.

माझे बाबा कारखान्यात काट्यावर होते, उसाच्या गाड्यांचं वजन घ्यायचे. त्यांनी माझं गाणं कधी ऐकलं नव्हतं. घरात गुणगुणले तरी म्हणायचे, "बास आता."

मी हिय्या करून विचारलं, "बाबा, ह्या येळंला मी म्होरं म्हणणार हाय. याल?"

"बघू," म्हणाले.

आणि आले. इस्त्रीचा शर्ट घालून, तिसऱ्या रांगेत. शेजारी कुणीतरी दोघं बसले होते, माझं लक्षही नव्हतं. मला फक्त बाबा दिसत होते.

आमचं नाव पुकारलं. पायरीवर अण्णांनी मला अडवलं.

"तू मागं हुबी ऱ्हा. सुनंदा म्हणंल."

"का? माझा नंबर हाय."

"मी सांगतोय म्हणून."

कधी नव्हे तो त्यांनी स्वतःचाच नियम मोडला, तोही माझ्याच बाबतीत. मी मागच्या रांगेत उभी राहिले. पुढं एक आडदांड फिटर. बाबांना मी दिसलेसुद्धा नसेन.

दुसऱ्या दिवसापासून मंडळात गेले नाही. अण्णा घरी आले तेव्हा बाहेर आले नाही. सहा महिन्यांत लग्न होऊन इंदापूरला आले, आणि दोन वर्षांनी बाबा गेले.

एकदाच ऐकायला आले होते ते, आणि अण्णांनी तेवढंही होऊ दिलं नाही. हे मी पंचवीस वर्षं धरून बसले. लग्नाकार्यात अण्णा समोर आले की मी वाट बदलायची.

आज मातीला गेले ती काकीसाठी. तिनं हात धरून बाजूला बसवलं.

"तुला आता सांगते. तुझा बाप बारामतीच्या स्पर्धेच्या आदल्या दिशी आमच्याकडं आला हुता. म्हणला, उद्या इंदापूरचं पाव्हणं तिथंच पोरगी बघायला येत्यात. ती म्होरं हुबी राहून गाताना दिसली तर सोयरीक मोडंल. तिला मागं ठेवा, आन् मी सांगितलं म्हणून सांगू नगा."

"आणि अण्णांनी ऐकलं?"

"लई समजावलं त्यांनी. त्यो ऐकंना. मग हे म्हणले, पोरीनं बापाचा राग धरण्यापरीस माझा धरलेला बरा."

"अगं, पण बाबा गेल्यावर तरी?"

"मी म्हणलं हुतं की. हे म्हणले, गेलेल्या माणसाच्या मागं कशाला."

मला तिथं रडू आलं. पण खरं सांगते, त्यात निम्मा संताप होता.

बाबा गाणं ऐकायला आलेच नव्हते. पाहुण्यांबरोबर आले होते.

आणि अण्णा, तुम्ही. बापाचा राग धरायचा की तुमचा, हे माझ्या वतीनं ठरवायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं? दोघं पुरुष दारात उभे राहिलात आणि माझं ठरवून मोकळे झालात. आता लोक म्हणतील, केवढं मन. असेल. मला ते नको होतं.

बाबा त्यानंतर अडीच वर्षं होते. मला कळलं असतं तर मी घर डोक्यावर घेतलं असतं. दोन दिवस जेवले नसते. आणि मग त्यांना खुर्चीत बसवून, समोर उभी राहून, ते गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकवलं असतं. 'बास आता' म्हणाले असते तरी थांबले नसते.

मी ती अडीच वर्षं तुमच्यावर रागावण्यात घालवली.

भावपूर्ण वगैरे मला जमणार नाही, अण्णा. तुमच्यामुळं गायला शिकले, हे मात्र खरं आहे.

शेवटचा जय भीम.