रजा नामंजूर

गिरणी सोडून गावी परतलेली माणसे आमच्या पोलादपूर तालुक्यात पुष्कळ होती. गिरणी सोबत घेऊन परतलेला माणूस मी एकच पाहिला. ते माझे काका. मुंबईत ते कापडाचे साचे चालवीत. कापसाच्या धुळीने छाती धरली म्हणून त्यांनी गिरणी सोडली, असे घरचे सांगत. ते स्वतः सांगत की, कंपनीला माणसाची पारख नव्हती. आंबेनळी घाटाच्या पायथ्याला त्यांच्या वाट्याला एक घर, एक म्हैस, ओढ्याकाठचे भाताचे खाचर आणि आम्ही तिघे आलो: काकी, त्यांची मुलगी शेवंती आणि मी. माझे आईवडील मुंबईत एका खोलीत राहत आणि त्या खोलीत मला जागा नव्हती, म्हणून मी काकांकडे वाढलो. एवढ्या भांडवलावर काकांनी तत्काळ गिरणी सुरू केली.

पहाटे भोंगा होई. भोंगा म्हणजे देवघरातला शंख. छाती अधू असूनही तो ते असा फुंकीत की म्हैस दावे तोडू पाही. एकदा देवळाचा गुरव तक्रार घेऊन आला. "अवो, तुमच्या शंखानं देव उठतो, आन् माझ्या शंखानं परत दचकतो. एक कायतरी ठरवा." काकांनी शांतपणे सांगितले, "देवाला फर्स्ट शिफ्ट लावा. तुम्ही सेकंडला या." भोंगा झाला की प्रत्येकाने फणसाच्या लाकडाचा आपला बिल्ला ओटीवरच्या खुंटीला अडकवायचा. काकींच्या बिल्ल्यावर चूल कोरली होती, शेवंतीच्या बिल्ल्यावर घागर. उशीर झाला तर चहातला गूळ बंद. मला बिल्लाच नव्हता, कारण मी बदली कामगार. रोज सकाळी मी स्वयंपाकघराच्या दाराशी उभे राहावे, कुणाचा खाडा असेल तर मला काम द्यावे, अशी व्यवस्था होती. काकींना ती व्यवस्था पसंत होती. "आज जागा भरली, जा शाळंत," असे म्हणून त्या माझ्या हातावर भाकरी ठेवीत. माझे शिक्षण झाले ते या नियमामुळे.

आमच्या घरात कोणी कोणाशी सरळ बोलत नसे. काका हुकूम देत, काकी भांडी आपटून उत्तर देत, आणि शेवंती दोघांवर रुसून गोठ्यात जाऊन बसे. काकी म्हणत, "मुंबैला मुकादम तुमच्यावर वरडायचा, त्याचा सूड आमच्यावर काढता." काका म्हणत, "डिसिप्लिन नसंल तर डिपार्टमेंट बुडतं." कोणते डिपार्टमेंट, असे काकी विचारीत. एकदा आमटी खारट झाली तेव्हा काकांनी ती 'डॅमेज माल' म्हणून परत केली. दुसऱ्या दिवशी काकींनी त्यांच्या पानात नुसते मीठ वाढले आणि म्हणाल्या, "आज डॅमेज नाय. आज सगळा चोख माल."

एका वर्षी, लावणी तोंडावर आली असताना, बिरवाडीहून निरोप आला की काकींच्या आईने अंथरूण धरले आहे. काकींचा एकुलता भाऊ बोटीवर खलाशी. तो कोणत्या समुद्रात आहे हेही कोणाला माहीत नव्हते. काकी लुगड्याचे गाठोडे बांधून ओटीवर आल्या.

"मी जाते. आयजवळ कोन नाय."

काका त्या वेळी नांगराची दोरी वळत होते. मान वर न करता ते म्हणाले, "लावणीच्या सीझनला रजा नामंजूर."

हे शब्द त्यांनी विचार करून उच्चारले असतील असे मला वाटत नाही. गिरणीत ते स्वतः जे ऐकत आले, ते तोंडातून निघून गेले. काकींनी खुंटीवरचा आपला बिल्ला काढला आणि त्यांच्यासमोर ठेवला. "ह्यो घ्या. माझी आय काय तुमच्या गिरणीत मरत नाय." इरले डोक्यावर घेऊन त्या चालू लागल्या.

त्यानंतरची आमची गिरणी सांगण्यासारखी नाही. शेवंतीच्या भाकरीला कड असे, मध्य नसे. म्हैस काकांना जवळ येऊ देईना. शेवटी काकींचे जुने लुगडे नेसून, पदर डोक्यावर घेऊन ते दुधाला बसले. शेजारीण दाराशी येऊन म्हणाली, "आलीस गो? आय कशी हाय?" काकांनी मान तिच्याकडे फिरवली. शेजारीण किंचाळली, म्हशीने लाथ मारली आणि दूध गेले. त्या दिवशी काकांनी म्हैस शेजारणीच्या स्वाधीन केली आणि आम्हांला म्हणाले, "चला. समेट करून येऊ."

महाडपर्यंत एस.टी.ने आणि तिथून बिरवाडीपर्यंत पायी, सर्व वाट ते समेटाच्या अटी पुटपुटत होते. आपल्या खाचराची लावणी सुरू होण्यापूर्वी काकींना घेऊन परतायचे, ही पहिली अट.

म्हातारीची बाज दाराशी होती. काकी तिचे पाय चोळीत होत्या. त्यांनी आमच्याकडे पाहिले, काकांकडे पाहिले नाही. दारातून समोरची शेते दिसत. सगळीकडे लावणीची माणसे वाकलेली होती. मधले एकच खाचर मोकळे होते.

"जावयबापू," म्हातारी म्हणाली, "त्ये मोकळं हाय ना, त्ये माझं. गाव बघतंय. लावलेलं बघून गेले आस्ते तर बरं झालं आस्तं."

"आय, गप ऱ्हा," काकी म्हणाल्या. "समदी आपापल्या शेतात हायत. कोन येनार?"

चहा आला, तो काकांनी घेतला. मग टोपी काढून खुंटीला अडकवली, धोतर वर खोचले आणि चिखलात उतरले.

जावयाने सासरवाडीच्या शेतात राबायचे नसते. त्यातून रोप लावणे हे बायकांचे काम. शेजारच्या बांधावरून हाका येऊ लागल्या, "गिरणीवाले, लुगडं आनलं नाय का?" काका पावसात वाकून रोपे लावीत राहिले, मधूनमधून खोकत राहिले. शेवंती आणि मी मागून रोपांच्या मुठी पुरवीत होतो. म्हातारी बाजेवरून ओरडे, "जावयबापू, ओळ वाकडी जाते!" काका ओरडून सांगत, "आई, आधी माल तयार होऊ दे, तपासनी मागनं!" आजारी बाई हसली की तिला ठसका लागे, आणि मग काकी दोघांनाही रागे भरत.

आमचे रोप तिकडे गावी पिवळे पडू लागले होते. आणखी थांबले तर ते लावण्याजोगे राहणार नव्हते. शेजाऱ्याचा तसा निरोप आला. निरोप्या ओटीवर उभा होता आणि काकी आतून ऐकत होत्या.

काका म्हणाले, "ज्याला कमी पडत आसंल त्याला उपटून न्यायला सांग. वाया नको. आमी येत नाय."

रोपांनी मुळे धरली, पाती सरळ उभी राहिली, तेव्हा म्हातारीने काकींकडून उशी उंच करून घेतली आणि पुष्कळ वेळ पाहिले. त्यानंतर ती फार दिवस राहिली नाही.

तिचे दहावे-तेरावे आटोपून आम्ही परतलो तेव्हा दोन्ही अंगांना भात पोटरीला आला होता. आमचे खाचर ओढ्याकाठी नुसत्या पाण्याने भरलेले होते. त्यात बगळे उभे होते. काकी बांधावर थांबल्या.

"आपलं मोकळं ठेवलं, लाज नाय वाटली तुमाला?" त्यांनी विचारले.

"वाटली," काका म्हणाले.

काकींनी त्यांच्या हातातले गाठोडे घेतले आणि त्या पुढे झाल्या. त्या हिवाळ्यात आम्ही नाचणी खाल्ली. घरात भांडणे पूर्वीसारखीच होत राहिली; मला कधी त्यांची भीती वाटली नाही.

आता ते दोघेही नाहीत. शेवंती आपल्या नातवंडांत आहे. खाचर दुसऱ्यांच्या ताब्यात आहे आणि ते दरवर्षी वेळेवर, चांगले लावतात. पावसाळ्यात गावी गेलो तर मी त्या बांधावर उभा राहतो. शेत हिरवे असते. मला ते त्या वर्षीसारखे पुन्हा एकदा मोकळे पाहायचे आहे.