पंचनाम्यात न आलेली हाक

ती दुपार मला विसरता येत नाही. निवृत्तीनंतर मी ती अनेकांना रंगवून सांगितली, पण दर वेळी एक वाक्य गाळून. आज तेही लिहितो.

तेव्हा मी चेन्नईत तिरुवल्लिकेणी भागातल्या एका ठाण्यात इन्स्पेक्टर होतो. स्वातंत्र्यदिन तोंडावर आला होता. जेवणाच्या सुमारास एका मॅन्शनचा मॅनेजर धापा टाकत आला. आमच्याकडे मॅन्शन म्हणजे एकट्या नोकरदार पुरुषांना खोल्या देणारी इमारत.

"सार, तिसऱ्या मजल्यावरचा भाडेकरू काहीतरी बनवतोय. वायरी, पांढरी पावडर! आणि कॅन आपोआप गुडगुडतो, सार!"

अंगात वीज संचारली. दहा मिनिटांत आम्ही जिना चढलो. खोलीत चाळिशीचा एक माणूस, दूध उतू जाईल म्हणून राखत बसावे तसा, एका प्लास्टिकच्या कॅनसमोर बसला होता. कॅनमध्ये पाणी, पाण्यात स्टीलच्या पट्ट्या, त्यांना बॅटरी चार्जरच्या वायरी, पट्ट्यांवरून बुडबुड्यांची झुंबड, आणि कॅनच्या तोंडातून बाहेर आलेली एक नळी. मी चार्जर बंद केला, नळी उपटली, कॅनला बूच मारले आणि माणसासकट सगळे ठाण्यात आणले. मोठा मासा गळाला लागला, या खुशीत मी जेवलोसुद्धा नाही.

चौकशीत कळले, तो शहराबाहेर इरुंगाट्टुकोट्टैच्या एका कारखान्यात फिटर होता.

"काय बनवत होतास?"

"पाण्यातून गॅस, सार. वीज सोडली की निघतो. त्याची बारीक ज्योत होते, तांब्याच्या नळ्या जोडायला. सिलिंडर लागत नाही."

"आणि पावडर?"

"खायचा सोडा, सार. मेसमधून मागून आणला."

आमचे हेड कॉन्स्टेबल खो खो हसले. त्यांना सगळे एट्टय्या म्हणत. "सार, याला सोडू नका. उद्या हा समुद्राच्या पाण्यावर अख्ख्या मरीना बीचवर चूल पेटवील!"

तेवढ्यात फिटरची नजर माझ्या नावाच्या पट्टीवर गेली. आडनाव वाचून तो एकदम आमच्या तंजावरी मराठीत म्हणाला, "राव, तुम्ही आपलेच की! माझं ऐका तरी."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. पिढ्यान्पिढ्या या मुलखात राहूनही आम्हाला एक धाक असतो: आपल्या माणसाला सांभाळले, असे कोणी म्हणू नये.

"तमिळमध्ये बोल," मी डाफरलो. "मला तुझी भाषा येत नाही."

पंचनामा सुरू झाला. मॅनेजर आणि समोरचा चहावाला पंच. जप्त केलेली वस्तू कापडात गुंडाळायची, सुतळी बांधायची, गाठीवर लाखेचे सील ठोकायचे, हा नियम. लाख वितळवायला एट्टय्यांनी मेणबत्ती पेटवली आणि ते कॅनच्या तोंडावर वाकले.

फिटर बाकावरून उसळला. "राव! ज्योत नको! आत गॅस भरलाय, ज्योत नको!"

घाबरलेल्या माणसाच्या तोंडी घरचीच भाषा येते. एट्टय्यांना वाटले, शिव्या देतोय. त्या खोलीत ते शब्द फक्त मला कळले. आणि मी म्हणालो, "तुम्ही सील लावा, एट्टय्या."

हेच ते वाक्य.

कानठळ्या बसवणारा आवाज झाला. कॅनच्या चिंधड्या भिंतींवर आदळल्या. एट्टय्या जमिनीवर पडले होते, आणि त्यांच्या दोन्ही कानांतून रक्त येत होते.

दुसऱ्या दिवशी न्यायवैद्यक प्रयोगशाळेच्या बाई आल्या. त्यांनी ठाण्याच्या अंगणात फिटरकडून तसाच दुसरा कॅन बनवून घेतला. ज्योत उलटी आत शिरू नये म्हणून नळीच्या मधे पाण्याची बाटली लावायची असते. ती त्यानेच मागून घेतली. सुईसारखी ज्योत निघाली आणि पाहता पाहता तांब्याच्या दोन नळ्या एक झाल्या. चहावाल्याने तर टाळ्याच वाजवल्या.

"हा बॉम्ब नाही," बाई हसून म्हणाल्या. मग त्यांनी विचारले, "मेणबत्ती पेटवताना यानं सावध केलं नव्हतं?"

"केलं होतं!" फिटर म्हणाला.

पंच म्हणाले, काहीतरी ओरडला, कळले नाही. बाईंनी माझ्याकडे पाहिले.

"मलाही कळलं नाही," मी म्हणालो.

स्फोटकांचे कलम गळाले. पण निष्काळजीपणाने पोलिसाला जबर जखमी केल्याचे कलम राहिले, माझ्या जबाबावर. त्याला शिक्षा झाली, नोकरी गेली. जामिनावर सुटून त्याने अपील केले. ते अजून चालू आहे.

गेल्या महिन्यात मी त्याच्या वकिलाकडे जाऊन प्रतिज्ञापत्र दिले: हाक मी ऐकली होती, मला ती कळली होती, तरी सील लावायचा हुकूम मी दिला. फिटर तिथेच होता. त्याने कागद दोनदा वाचला. माझी छाती पहिल्या धाडीच्या दिवसासारखी धडधडत होती.

तो एवढेच म्हणाला, "एट्टय्यांना सांगितलंत? ते अजून मलाच शिव्या घालतात."

नोकरीभर मी इतरांकडून कबुलीजबाब घेतले. माणूस खोटे बोलतो ते बहुधा शिक्षेच्या भीतीने, असे समजत आलो. या प्रकरणाने शिकवले, की चार माणसांत आपण कोणाचे दिसतो, एवढ्यासाठीही माणूस दुसऱ्याचे आयुष्य उधळतो.

वकिलाकडून तडक एट्टय्यांच्या घरी गेलो. ते ओट्यावर बसले होते. ऐकण्याचे यंत्र लावूनही त्यांना फार कमी ऐकू येते. म्हणून मला सगळे ओरडून सांगावे लागले. गल्लीतल्या खिडक्या उघडल्या. माझे बोलणे संपले, तेव्हा त्यांनी यंत्र काढून कानात पुन्हा नीट बसवले.

"पुन्हा सांगा, सार," ते म्हणाले. "नीट ऐकू आलं नाही."

मी पुन्हा सांगितले. आधीपेक्षा मोठ्याने.