खाली येणारा आकडा

२००६ साल. मी त्र्याहत्तर वर्षांचा होतो. शिक्षण चौथीपर्यंत, पण इंग्लंडात कॉव्हेंट्रीच्या कारखान्यात सव्वीस वर्षं गेजवरचे आकडे वाचले. इंग्रजी येत नसलं तरी आकडा मला कुणी शिकवायचा नाही.

प्रोस्टेटचा कॅन्सर हाडात गेला होता. डॉक्टरांचं बोलणं मुलगी मराठीत सांगायची. दर खेपेला मी विचारायचो, "काय म्हणाले?"

"पीएसए खाली आला, अण्णा. छान आहे."

घरी येऊन ती रक्ततपासणीतला तो कॅन्सरचा आकडा स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहायची. आमची मराठी मंडळी गणपती बसवतात त्या हॉलमध्ये मी तो मिरवायचो. एक दोस्त म्हणाला, "तुझा आकडा उतरतोय आणि पॅन्टही उतरतेय, पट्टा आवळ." मीही हसलो.

कराडला थोरली बहीण होती, अंथरुणाला खिळलेली. मुलगी म्हणाली, "पुढच्या वर्षी जा. नंबर अजून खाली येऊ दे." मी तिकीट रद्द केलं.

नोव्हेंबरात मुलीला कामावरून सुटी मिळेना. बसनं एकटाच तपासणीचं रक्त द्यायला गेलो. नर्स गुजराती बाई, हिंदीत बोलणारी. मी मागच्या तपासणीचा कागद मागितला. पीएसए खालीच होता, पण दुसऱ्या एका आकड्यापुढे वर जाणारा बाण, आणि हिमोग्लोबिनपुढे खाली जाणारा.

"हा कसला?"

"हाडांचा, अंकल. तो चढतोय म्हणजे हाडातला आजार वाढतोय, रक्तही उतरतंय. नुसता पीएसए बघून चालत नाही. म्हणून तर डॉक्टर तुमच्या मुलीशी एवढा वेळ बोलले." माझ्या तोंडाकडे बघून ती एकदम थांबली. "तिनं सांगितलं नाही?"

मला तो अर्धा तास आठवला. मी शेजारच्याच खुर्चीत बसलो होतो. अर्ध्या तासाच्या इंग्रजीचं मराठी तिनं एका वाक्यात केलं होतं.

संध्याकाळी कागद तिच्यापुढे ठेवला. ती रडली नाही. म्हणाली, "आईच्या शेवटच्या आजारात तुम्हीच म्हणालात ना, तिला काही कळता कामा नये? मी तुमच्याकडूनच शिकले."

"तुझ्या आईनं विचारलं नव्हतं. मी दर वेळी विचारत होतो."

ती ताटं वाढायला उठली. मी जेवलो नाही. आजार अंगाचा होता, तो सोसला असता. पण माझंच मरण माझ्या डोक्यावरून, माझ्याच पोरीशी बोललं गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी उठायच्या आत मी ते दोन्ही आकडे कॅलेंडरवर पीएसएच्या खाली लिहिले. मग कराडला फोन लावला. बहिणीनं विचारलं, "आकडा कसा आहे रे?"

तिन्ही सांगितले, अर्थासकट.

ती एवढंच म्हणाली, "ये."

मी पासपोर्ट कोटाच्या खिशात घातला आणि तिकीट काढायला बाहेर पडलो.