राजोडीच्या किनाऱ्यावरचे बारा बांबू

मी लिहिलेल्या प्रत्येक पत्राची नक्कल माझ्याकडे आहे. टपालखाते, रेल्वे, मामलेदार, संपादक — माझ्या रागातून कोणी सुटलेले नाही. कोणी नियम मोडला, कोणी खोटे छापले, की त्याच संध्याकाळी मी दौत पुढे ओढीत असे. त्या सगळ्या फायलींत नसलेला एक मजकूर आज तुमच्यापुढे ठेवतो आहे. पत्नीला तो ठाऊक नाही. ज्या वकिलांकडे मी अठरा वर्षे मुख्य कारकून होतो, त्यांनाही नाही. तुम्हालाच का सांगतो आहे? तुम्ही मला उलटतपासणीत घेऊ शकत नाही म्हणून — असे कोणी म्हणाले, तर मी हरकत घेणार नाही.

कॅमेऱ्यापासून सुरुवात करतो. की तीही पळवाटच?

स्वातंत्र्य मिळून दोन-तीन वर्षे झाली होती. माझ्याकडे काचेवर चित्र घेणारा जुना कॅमेरा होता आणि शिसवी तिपाई. रविवारी सायकलवर ते ओझे बांधून मी वसईहून निघे. वाड्या, मिठागरे, खाडीचे मुख — माणसे सोडून सगळ्याची चित्रे मी काढली. माणसे हलतात. पुढे आकाशाचा नाद लागला. अंधारात भिंग तीन-चार तास उघडे ठेवले, की प्रत्येक तारा काचेवर आपली रेघ ओढतो आणि सगळ्या रेघा ध्रुवाभोवती वळतात. एकटा ध्रुव जवळजवळ ठिपका राहतो. न ढळणारा साक्षीदार — असे मी तेव्हा वहीत लिहून ठेवले होते. ते वाक्य आज वाचवत नाही.

आपल्याकडे ध्रुव फार खाली असतो. त्यामुळे त्याच्या चित्रात जमीन येतेच, आणि जमीन स्वच्छ हवी. राजोडीच्या किनाऱ्यावर उत्तरेकडे तोंड करून उभे राहिले, की वाळू, पाणी, दूरवर अर्नाळ्याच्या किल्ल्याचा काळा ठिपका आणि वर ध्रुव — मनासारखी जागा. अडचण एकच होती. मधोमध कातरीनबायच्या वलांड्या होत्या. बांबू रोवून, आडवे दोर ताणून बोंबील वाळत टांगतात, त्या. बारा बांबू. आकाशाच्या बरोबर खालच्या कडेला फणीच्या दातांसारखे.

ती विधवा होती. घरात म्हातारी सासू आणि ती. नाताळच्या आधीची अमावास्या, म्हणजे बोंबलांचा भर हंगाम. एका रात्रीपुरते बांबू काढशील का, असे मी तिला विचारले. ती कमरेवर हात ठेवून हसली.

“का ओ भाऊ? तुमच्या आकाशाला आमच्या बोंबलांचा वास लागतो काय?”

आणि तिने ते काढले. सासूने दोर सोडले, तिने एकेक बांबू हलवून उपटला आणि खांद्यावरून सुरूच्या झाडांमागे नेऊन टाकला. त्या दिवशीचे ओले बोंबील टोपल्यांतच राहिले. सकाळपर्यंत त्यांचे काय होणार, हे मी विचारले नाही, तिने सांगितले नाही. बांबू निघाल्यावर वाळूत बारा खड्डे दिसू लागले. ते मी माझ्या हाताने भरले. वर नारळाची झावळी फिरवली. मग दिवेलागणीच्या उजेडात, वाळूचा कण नि कण दिसेल अशा बेताने, पहिल्यांदा भिंग उघडले. आणि तिपाई न हलवता, पूर्ण अंधार पडल्यावर, त्याच काचेवर ताऱ्यांसाठी पुन्हा.

चित्र उत्तम आले. हे मी आजही म्हणेन.

ते मुंबईच्या एका प्रदर्शनात पाठवले. नियम असा होता, की दृश्यात छायाचित्रकाराने काहीही हलवलेले वा मांडलेले नसावे. तसे लिहून, खाली सही करून द्यायचे. आता ऐका. आदल्याच वर्षी याच नियमाखाली मी एका स्पर्धकाविरुद्ध चार पानी पत्र लिहिले होते — त्याने घाटातली बैलगाडी हवी तशी वळवून उभी केली होती, असा माझा आरोप होता. त्याचे बक्षीस काढून घेतले गेले. तो मनुष्य पुन्हा कुठल्या प्रदर्शनात दिसला नाही. आणि मी? मी सही केली. पहिले बक्षीस मिळाले. चित्र एका साप्ताहिकात पानभर छापून आले.

इथवर जे सांगितले, ती नुसती अहंता. तिच्यासाठी कोणी इतकी वर्षे तोंड लपवीत नाही.

दीड वर्षाने किनाऱ्यालगतच्या वाडीच्या मालकाने दावा लावला: ती पट्टी आपली आहे, नेहमी मोकळीच होती आणि कातरीनबायने तिथे हल्लीच बांबू रोवले आहेत. तिच्याकडे कागद नव्हता. सासऱ्याच्या काळापासूनची वहिवाट, एवढेच तिचे म्हणणे. मालकाच्या वकिलाने साप्ताहिकाचे ते पान हजर केले आणि मला समन्स आले. समन्स हातात पडताच मला सगळे कळले होते. इतरांना बजावलेली समन्से मी आयुष्यभर वाचत आलो होतो.

शपथ घेतली. “हे छायाचित्र आपणच काढले?” होय. “कोणत्या हंगामात?” बोंबलांच्या. “त्या वेळी ही जागा अशीच होती?” होय, अशीच होती. — पाहिलेत? यातला एकही शब्द खोटा नाही. भिंग उघडले त्या क्षणी जागा अशीच होती. उत्तर घडवण्याची कारागिरी मी कचेरीत दुसऱ्यांना शिकवीत असे.

मागच्या बाकावरून कातरीनबाय उठली. “साहेब, यांनी सांगितलं म्हनून काढल्या आमी! एका रातीपुरत्या!” शिपायाने तिला गप्प केले. तिच्या वतीने उभे असलेले तरुण वकील घाईने पुढे झाले आणि त्यांनी मला तेच विचारले.

मी ‘नाही’ म्हणालो नाही. ‘नाही’ खोटे ठरवता येते. मी म्हणालो, “मला आठवत नाही.”

हे तीन शब्द मी भीतीने उच्चारले नाहीत — एवढे तरी नीट नोंदवू द्या. ते निवडले. घरून निवडून आणले. स्मरण नसणे सिद्ध करता येत नाही, म्हणून खोट्या शपथेचे कलम त्याला सहसा लागू पडत नाही, हे मला पाठ होते. आणि काय वाचवत होतो मी? एक बक्षीस. एक चार पानी पत्र. हा मनुष्य कधी वाकडे चालत नाही, हे लोकांचे मत.

निकाल वाडीमालकाच्या बाजूने लागला. अपिलाची मुदत होती. ते दिवस मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर मोजले. एका अर्जाने सगळे फिरवता आले असते, आणि अर्ज लिहिण्यात या तालुक्यात माझा हात धरणारे फारसे कोणी नव्हते. मुदत संपली त्या दिवशी मला हलके वाटले. हे लिहिताना हात थांबतो — पण वाटले, हे खरे आहे.

पुढच्या हिवाळ्यात ती दुसऱ्याच्या वलांडीवर रोजाने बोंबील टांगताना दिसली. मी सायकल वळवली. राजोडीला पुन्हा तिपाई नेली नाही. पत्रे मात्र थांबली नाहीत. उलट वाढली, अधिक कडक झाली. त्याच वर्षी एका तलाठ्याला मी खोट्या नोंदीबद्दल निलंबित करवले. तुम्हाला हसू येते का? येऊ द्या.

पण अजून मी कोर्टातच रेंगाळतो आहे. खरी गोष्ट कोर्टाच्या बाहेर घडली.

जबानी देऊन मी चिंचेखाली सायकलचे कुलूप काढत होतो. कातरीनबाय जवळ आली. शिव्या देईल, थुंकेल — मी मान खाली घालून तयार होतो. तिने माझ्याकडे निरखून पाहिले. आजारी माणसाकडे पाहावे तसे.

“भाऊ, तुमाला खरंच नाय आठवत? एवढं लिवता-वाचता तुमी, नि इसरलात?”

तिला शंकाच आली नव्हती. माझ्या डोक्याला काही झाले असावे, एवढेच तिला वाटले होते. तिथे शपथ नव्हती, न्यायाधीश नव्हते, वकील नव्हते. बक्षिसाचे कोणाला काही पडलेले नव्हते. ती होती आणि मी होतो.

“नाही,” मी म्हणालो.

“जाऊ द्या मग,” ती म्हणाली. “वय होतं मानसाचं.”

बारा बांबू होते. समुद्राकडून तिसरा चिरलेला होता, त्याला तिने काथ्या गुंडाळला होता. शेवटचा निघता निघेना, तेव्हा तिने मला हाक मारली आणि आम्ही दोघांनी मिळून तो उपटला. त्याची कुसळे रात्रभर माझ्या तळहातात सलत होती.