दोन हातांची दोरी

२०२४ साल. मी एकाहत्तर वर्षांचा होतो. आधारकार्डावर दोन वर्षं कमी आहेत, ती शाळेत घालताना मास्तरांनी आपल्या मनानं उडवलेली. ती शाळाही मी तिसरीत सोडली. पण आमच्या शिवारात विहिरीचं पाणी किती खाली गेलं, हे मला विचारल्याशिवाय कुणी मोटर खाली सोडत नाही.

म्हणून नातीनं बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला चार विहिरींच्या पाण्याचा प्रकल्प घेतला, तेव्हा माप माझंच ठरलं. सुंभाची दोरी, टोकाला दगड, आणि दर हाताला एक गाठ. हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. दगड पाण्याला टेकला की काठापर्यंतच्या गाठी मोजायच्या. दिवाळीपासून दर रविवारी पोरगी चारही विहिरींवर जायची, वहीत लिहायची.

"सरांनी बघितलं का?" मी विचारायचो.

"आज मीटिंग होती, आबा."

पुढच्या खेपेला सर परीक्षेच्या कामात. त्याच्या पुढच्या खेपेला सर आले अन् गेले. मार्गदर्शक म्हणून पहिल्या पानावर तिनं त्यांचं नाव ठळक अक्षरात घातलं होतं, अन् त्या माणसानं वहीचं तोंड पाहिलं नव्हतं. एसटीनं दीड तास जायचं, दारात उभं राहायचं, परत यायचं. माझं डोकं उठलं. होळी झाली, येत्या शनिवारी फाइल जमा करायची होती. सोमवारी मीच तिच्याबरोबर कॉलेजात गेलो.

सर माझ्या धाकट्या लेकाच्या वयाचे. उभ्या उभ्याच तिला म्हणाले, "मागच्या वर्षीची एखादी फाइल घेऊन जा. तशीच उतरव, आकडे थोडे बदल. मी सही करतो."

पोरीनं मान खाली घातली. मी समोरच्या खुर्चीत बसलो. बसा असं कुणी म्हटलं नव्हतं.

"सर, हिनं एवढे महिने पायपीट केली. वही उघडा. न्हाईतर मी इथून उठत न्हाई."

"बाबा, माझ्याकडं चाळीस पोरं हायत."

"गुराख्याकडं शंभर ढोरं असत्यात. तो बी घरी येताना मोजतो."

शेजारच्या टेबलावरच्या मॅडम तोंडाला पदर लावून हसल्या. सरांनी वही ओढली, चार पानं उलटली, आणि त्यांचं बोट थांबलं.

"संक्रांतीनंतरच्या रविवारी चारही विहिरींचं पाणी एकदम खाली कसं गेलं? अन् जिथं पाणी जास्त खोल, तिथं जास्तच उतरलं. मोजलं कशानं?"

"गाठीच्या दोरीनं. एका हाताला एक गाठ," मी म्हणालो.

"कुणाच्या हाताला?"

"आधी आबांच्या, संक्रांतीपासून माझ्या," नात माझ्याकडं बघत म्हणाली. संक्रांतीत जुनी दोरी तुटून विहिरीत पडली होती. मी तेव्हा वारंगा फाट्याला लेकीकडं. नातीनं फोनवर विचारलं होतं, "आबा, नव्या दोरीला गाठी माझ्या हातानं घालू, का तुमी येईस्तोवर थांबू?" मी वरून खेकसलो होतो, "हातात काय फरक? घाल." तिचा हात माझ्यापेक्षा तीन बोटं आखूड. गाठी जवळ आल्या, आकडा वाढला, आणि वहीत पाणी उगाच खाली गेलं.

चूक माझी, हे मला तिथंच कळलं. पण चीड आली ती त्यांची.

"सर, हे तुमाला दोन मिनिटांत दिसलं. संक्रांतीलाच काहून न्हाई बघितलं?"

ते खुर्ची ओढून बसले आणि नातीला म्हणाले, "दोन्ही हात टेपनं मोज. सगळे आकडे मीटरमध्ये नव्यानं काढ. गुरुवारी आण, मी बसतो तुझ्यासंगं. झेपत नसलं तर मागची फाइल आहेच."

"नको सर. माझीच करते," पोरगी म्हणाली.

एसटीत ती खिडकीकडं तोंड करून बसली. तिकडंच बघत म्हणाली, "मी विचारलं होतं, आबा."

"व्हय, विचारलं होतं." एवढंच बोललो. माफी मागायची सवय मला नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच सुताराच्या घरी जाऊन टेप मागून आणला. सदऱ्याची बाही वर केली, कोपर ओट्यावर टेकवला, बोटं सरळ केली आणि नातीला हाक मारली, "ये. आधी माझा हात मोज. बराबर मोज."