मुऱ्हाळ्याच्या नावेचा पंप

आमच्या गावाजवळ भीमेवर तेव्हा पूल नव्हता. अलीकडं शिरूर तालुका, पलीकडं दौंड आणि मधे माझी इंजिनाची नाव. दिवाळीत तिच्यात पाय ठेवायला जागा नसे. माहेराला निघालेल्या लेकी आणि त्यांना न्यायला आलेले मुऱ्हाळी, कुणाचा भाऊ, कुणाचा चुलता. सगळ्यांच्या पिशव्या मी हौसेनं उचलून घेई. माझी धाकटी बहीण पलीकडंच, राहूच्या बाजूला दिलेली. लागोपाठ दोन दिवाळ्या तिचा मुऱ्हाळी मात्र गेला नाही. वडील थकलेले, भाऊ मी एकटाच, आणि मला गिऱ्हाईक सोडवत नव्हतं. हे लिहिताना आजही मान खाली जाते.

तिसऱ्या वर्षी भाऊबिजेला एकही माणूस न घेता मी नाव सोडली. नदीच्या मध्यावर पायाला पाणी लागलं. फळी उचलून पाहिलं तर पंप गळत होता. हा पंप नदीचं पाणी ओढून इंजिनाभोवती फिरवतो, त्यानं इंजिन गार राहतं. पंपाच्या फिरत्या दांड्याभोवती ग्रीस लावलेली दोरी ठासलेली असते, तिला ग्लँडदोरी म्हणतात. ती झिजून गेली होती आणि तिथून पाण्याची धार नावेत पडत होती. डब्यानं पाणी उपसत कसाबसा काठाला लागलो.

बहीण नव्या साडीत पिशवी घेऊन उभी होती. सोबत दाजी आणि तिच्या सासूबाई. सासूबाईंनी वाकून नावेत पाहिलं.

"आत पाणी हाय. असल्या नावंत मी सून बसवायची न्हाई."

"मावशी, आत्ता नीट करतो."

"दोन वर्सं आला न्हाईत, आन् आलात ते गळकी नाव घिऊन व्हय, पाव्हणं?"

बहिणीनं पिशवी दाजींच्या हातात दिली आणि तडक घराकडं गेली. मला वाटलं, रुसून गेली. ती परतली तेव्हा तिच्या हातात ग्लँडदोरीचा तुकडा होता. विहिरीवरच्या पंपासाठी दाजींनी आणून ठेवलेला.

पदर खोचून ती माझ्याबरोबर नावेत बसली. पाण्याचा कॉक बंद करून मी नट सैल केले, वाकवलेल्या तारेनं जुनी दोरी उकरून काढली. नवी दोरी दांड्याभोवती गुंडाळून ती धरायची, मी तिरकी कापायचो. एकेक वेढा आत बसवत गेलो.

दाजी काठावरून म्हणाले, "लोकं भाऊबीजंला साडी आणत्यात. आमच्या मेव्हण्यानं काम आणलं."

"तुम्ही नुस्तं बघा," बहीण म्हणाली. "घरच्या पंपाची दोरी बी मीच धरते, तवा बी बघताच."

इंजिन सुरू केलं. धार थांबली. दांड्यापाशी आता फक्त थेंब पडत होता, अधूनमधून.

"आता बी गळतंयच की," सासूबाई म्हणाल्या.

मी पाना नटाला लावला. अजून आवळला असता तर थेंब बंद झाला असता, मावशी हो म्हणाल्या असत्या, आणि निम्म्या वाटेत कोरडी दोरी जळून गेली असती. मला हे माहीत होतं, तरी पाना धरलेला होता. या वर्षी तिला नेल्याशिवाय मला परत जायचं नव्हतं.

बहीण हळूच म्हणाली, "दादा, नको. राहू दे. पुढल्या वर्षी यीन मी."

ती चिडून म्हणाली असती तर बरं झालं असतं. मी पाना खाली ठेवला.

"मावशी, खरं सांगतो. एवढं गळायलाच लागतं. त्या थेंबानं दोरी गार राहते. कोरडं करून दाखवतो, पण मग वाटेत दगा देईल."

सासूबाईंनी माझ्याकडं पाहिलं, मग थेंबाकडं.

"कुठवर गळतंय ते मलाच बघू दे," म्हणत त्यांनी साडी सावरली आणि दाजींचा हात धरून नावेत उतरल्या. दाजी हसायला लागले. "आई, तुला कुणी बोलावलंय?"

"तू गप. म्हशीला पाणी दाव."

साऱ्या वाटेत त्या पंपासमोर बसून होत्या. बहीण पुढं, आमच्या काठाकडं तोंड करून. मध्यावर आल्यावर सासूबाई माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "ती दोन्ही दिवाळ्यांना अंघोळ करून सांजपर्यंत वाटंकडं बघत बसायची. मला बघवायचं न्हाई. म्हून बोलले."

मी नुसती मान हलवली.

काठाला आई आली होती. विहीणबाईंना बघून ती गडबडली, मग दोघी हातात हात घेऊन चढण चढू लागल्या. बहीण माझ्यासाठी थांबली. माझे हात ग्रीसनं काळे झाले होते.

"धू आधी," ती म्हणाली. "असल्या हाताच्या भावाला ओवाळू व्हय?"

मी पाण्याशी वाकलो. ग्रीस लवकर निघेना. डोळे पुसायचे होते, आणि हात तसले. ती पाठीमागं उभी राहिली, घाई न करता.